भिंगारला अडलेली फौज

खुलताबादेतील औरंगजेबाची कबर उखडून टाका, अशी हाकाटी मार्च २०२५ मध्ये झाली आणि तिच्या पाठोपाठ नागपुरात दंगल उसळली. त्या कोलाहलात फारसे कोणी सांगितले नाही, की हा बादशहा मेला तो आपल्या जिल्ह्यात. ३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, भिंगारजवळच्या छावणीत त्याने प्राण सोडला. तेथील आलमगीर दर्ग्यावरून आपण नित्य जातो-येतो. मोगलांना आमच्या मातीने गिळले, असे नगरकर अभिमानाने सांगतात. त्या अभिमानाविषयीच मला तक्रार करावयाची आहे.

१६८१ साली बादशहा दक्षिणेत उतरला तो परत दिल्लीला गेलाच नाही. १६८६ मध्ये विजापूर पडले, १६८७ मध्ये गोवळकोंडा. १६८९ मध्ये संभाजी महाराज पकडले गेले. श्रीगोंदे तालुक्यातील पेडगावच्या बहादूरगडावर त्यांची धिंड निघाली आणि पुढे क्रूरपणे वध झाला. त्याच वर्षी रायगडही गेला. दरबाराच्या हिशेबी युद्ध संपले होते. खरे युद्ध मात्र तेथून सुरू झाले, कारण आता पकडावी अशी एकच मान उरली नव्हती. राजाराम महाराज जिंजीला, संताजी घोरपडे व धनाजी जाधव मैदानात. १७०० नंतर ताराबाई. रसद तोडावी, पिछाडी कापावी, समोरासमोरची लढाई टाळावी! बादशहाने महिनोन् महिने वेढा घालून किंवा पैसा चारून किल्ला घ्यावा, आणि त्याची पाठ वळताच मराठ्यांनी तो परत मिळवावा. वास्तविक त्याची फौज मोठ्या लढाईत क्वचितच हरली. तिला हरता येत नव्हते, जिंकता येत नव्हते आणि परत जाण्याची लाज वाटत होती. या लाजेपायी पंचवीस वर्षे गेली.

त्याची किंमत कोणी दिली? व्हेनिसचा निकोलाव मनुची हा आपल्याच धर्माचा प्रवासी. या मोहिमांत लाखावर माणसे दरवर्षी मरत, असे तो लिहितो. १७०२ ते १७०४ च्या दुष्काळात व साथीत दक्षिणेत वीस लाखांवर जीव गेले, असेही सांगतो. आकडे फुगवलेले असतील. निम्मे धरा, चौथाई धरा! आपल्या बाजूच्या स्वारांनीही मुलखातून चौथ वसूल केली, हे विसरू नये. ज्याचे बैल मोगलांनी नेले, त्याच रयतेच्या कणगीत मराठ्यांनी हात घातला. आणि गावकुसाबाहेर राहणाऱ्यांचे काय? आपल्या मिशन गावांतील बहुतेक घराणी तेथूनच आली. कोणतीही फौज येवो, वाट दाखविणे, ओझी वाहणे, वेठ करणे त्यांच्याच माथी होते. त्यांची नावे ना बखरीत आहेत, ना मनुचीत.

बलाढ्य राष्ट्रांची ही लाज काही मोगलांबरोबर पुरली गेली नाही. व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे अठ्ठावन्न हजार सैनिक मेले. व्हिएतनामी माणसे किती लाख मेली याचा मेळ अजून बसत नाही. येथे आपल्यालाही खाली मान घालावी लागते. पोप सहावे पॉल यांनी ४ ऑक्टोबर १९६५ रोजी संयुक्त राष्ट्रांपुढे जगाला युद्ध सोडण्याची कळवळून विनवणी केली. पुढच्याच वर्षी, १९६६ च्या नाताळात, न्यूयॉर्कचे कार्डिनल स्पेलमन यांनी व्हिएतनाममध्ये सैनिकांपुढे उभे राहून ते युद्ध संस्कृतीच्या रक्षणाचे ठरविले आणि विजयाखेरीज दुसरे काही नको, असे सांगितले. ज्या दिवशी गोठ्यातल्या बाळाची आठवण करायची, त्या दिवशी! पुढे अफगाणिस्तानातही अमेरिका २००१ पासून २०२१ पर्यंत वीस वर्षे राहिली, आणि ज्यांना हटविण्यासाठी गेली त्यांच्याच हाती काबूल सोडून निघाली.

परक्यांना बोल लावणे सोपे असते. १९८७ च्या जुलैत आपल्याच देशाची फौज शांतिसेना म्हणून श्रीलंकेत गेली आणि काही महिन्यांत वाघांशी लढू लागली. १९९० च्या मार्चमध्ये ती परतली तेव्हा सुमारे बाराशे जवान कामी आले होते. जाफन्याच्या ज्या तमिळांना वाचविण्यासाठी ती गेली, त्यांतलेही कित्येक तिच्याच गोळ्यांना बळी पडले. आपल्या शहरात चिलखती दलाचे आणि यांत्रिक पायदळाचे शिक्षण चालते. रणगाड्यांच्या संग्रहालयात आपली मुले हौसेने फोटो काढून घेतात. म्हणून निदान आपण तरी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या अंगणात उभे राहून ‘लष्कर घुसवा, आठ दिवसांत निकाल लावा’ असे बोलू नये. औरंगजेबालाही कोणी पंचवीस वर्षे सांगितली नसतील.

कबर राहो. अशा हट्टाचा तिच्याहून स्पष्ट पुरावा दुसरा नाही, आणि पुरावा नष्ट करण्याची घाई कोणाला असते, हे वाचक जाणतात. माझी विनंती आपल्या जिल्ह्यातील धर्मगुरूंना आहे. येत्या २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, पेडगावपासून भिंगारपर्यंत वेठीला धरलेल्या आणि उपासाने मेलेल्या त्या निनावी माणसांसाठी एक मिस्सा अर्पण व्हावी. मोगल छावणीतले हमाल आणि भिस्तीही त्या प्रार्थनेत असावेत.