रात्रीच्या विजेचा न मांडलेला हिशेब

आमच्या महाविद्यालयात अर्थशास्त्राचा पहिला तास सकाळी साडेसातला असतो. सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात अध्यापन करताना गेल्या काही वर्षांत एक गोष्ट सातत्याने ध्यानात आली. मागच्या बाकावर डोके टेकणारा विद्यार्थी रोज झोपत नाही. काही दिवस तो टवटवीत असतो, टिपणे घेतो, शंकाही विचारतो. आणि त्यानंतर काही दिवस त्याचे डोळे उघडे राहत नाहीत. अशाच एकाला तासानंतर कारण विचारले, तेव्हा तो ओशाळून म्हणाला, "सर, आमच्याकडं या आठवड्यात रात्रीची लाईट आहे."

आमच्या भागात या उत्तराला अधिक स्पष्टीकरण लागत नाही. रात्रीची लाईट म्हणजे शेतीपंपाला रात्री मिळणारी थ्री फेज वीज. ती आली की मोटर सुरू करायची, बॅटरी घेऊन उसाच्या फडात शिरायचे आणि उजाडेपर्यंत दारे धरायची. एक सरी भरली की दुसरीत पाणी वळवायचे. मोटर चालू करून घरी येऊन निजावे म्हटले तर पाणी बांध फोडून शेजाऱ्याच्या रानात जाते. तात्पर्य, रात्रीची वीज म्हणजे रात्रीचे जागरण, आणि तेही बसून नव्हे तर चिखलात उभे राहून.

या प्रश्नाची चर्चा आजवर बहुतांशी राजकीय अंगाने झाली. शेतीला दिवसा दहा तास वीज मिळावी या मागणीसाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये राजू शेट्टी यांच्या नेतृत्वाखाली कोल्हापुरात महावितरणच्या कार्यालयासमोर धरणे धरले गेले. अंधार, साप, बिबट्या ही त्या मागणीमागची कारणे सर्वांच्या परिचयाची आहेत आणि ती खरीही आहेत. परंतु याहून खोलवरचे एक कारण जीवशास्त्राने आपल्यापुढे ठेवले आहे, आणि अर्थशास्त्राने ते अद्याप आपल्या खतावणीत उतरवलेले नाही. माणसाच्या देहात एक घड्याळ आहे आणि ते वीजपुरवठ्याच्या वेळापत्रकाप्रमाणे फिरत नाही.

देहातील घड्याळ

ही केवळ उपमा नव्हे. १७२९ साली द मैराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूचे झाड काळोखात ठेवून पाहिले. सूर्यप्रकाशाचा स्पर्श नसतानाही त्याची पाने दिवसाच्या वेळी उघडत व रात्रीच्या वेळी मिटत राहिली. याचा अर्थ, वेळेचे भान त्या झाडाच्या आतच होते. पुढे १९७१ मध्ये अमेरिकेत कोनोप्का आणि बेंझर या दोघांनी, पिकलेल्या केळ्याभोवती घोंघावणारी जी चिलटे आपण हाताने हाकलतो त्यांच्यासारख्याच फळमाशीवर प्रयोग केले. काही माश्यांचा दिवस १९ तासांचा, काहींचा २८ तासांचा झालेला आणि काहींना दिवस-रात्रीचे भानच उरलेले नाही, असे त्यांना आढळले. आणि या तिन्ही विकृतींचे मूळ एकाच जनुकात निघाले. हे जनुक कसे काम करते याचा उलगडा करणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या जनुकाच्या आज्ञेने पेशीत एक प्रथिन साठत जाते; ते पुरेसे साठले की स्वतःच्याच निर्मितीला अटकाव करते; कालांतराने ते विरते आणि निर्मिती पुन्हा सुरू होते. हे रहाट सुमारे चोवीस तासांत एक फेरा पूर्ण करते.

माणसात या यंत्रणेचे मुख्य केंद्र डोळ्यांच्या मागे, मेंदूच्या तळाशी, सुमारे वीस हजार पेशींच्या एका लहानशा पुंजक्यात आहे. त्याचा फेरा चोवीस तासांहून किंचित मोठा असल्यामुळे ते रोज थोडे मागे पडू पाहते आणि मुख्यतः सकाळचा उजेड त्याला रोज जुळवून देतो. यकृत, स्वादुपिंड, आतडी यांनाही आपापली घड्याळे आहेत. ती जेवणाच्या वेळेवरही चालतात. शरीराचे तापमान पहाटेपूर्वी सर्वांत खाली उतरते आणि सावधपणाही त्याच सुमारास तळाला जातो. रात्रीची शिदोरी पचत नाही, असे आपल्याकडील म्हाताऱ्या माणसांनी म्हणावे आणि मध्यरात्री खाल्लेले अन्न रक्तातील साखर अधिक वाढवते, असे प्रयोगशाळेने दाखवावे, यांत फारसे अंतर नाही.

भारतीय शास्त्रज्ञही या संशोधनात मागे नव्हते. मदुराई कामराज विद्यापीठात प्रा. एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वटवाघळांवर केलेले काम जगभर ओळखले गेले. गडद अंधाऱ्या गुहेत पिंजऱ्यात ठेवलेले वटवाघूळ गुहेतील मुक्त थव्याच्या जाण्यायेण्याच्या वेळेशी आपले घड्याळ जुळवून घेते, असे त्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवले. यावरून एवढे समजते की, सजीव प्राणी सूर्याबरोबरच समूहाच्याही वेळेने जगतो. आपला शेतकरी मात्र सूर्य आणि समूह या दोघांच्याही विरुद्ध जागा राहतो. गाव निजलेले असताना तो रानात असतो. आणि तो परततो तेव्हा गोठ्यातली धार, डेअरीची वेळ, मुलांची शाळा आणि डोक्यावरचे ऊन त्याला निजू देत नाहीत. दिवसा पाठ टेकली तरी ती झोप तुटक आणि तोकडी असते, कारण त्या वेळी देह जागण्याच्या तयारीत असतो.

याहून बिकट गोष्ट म्हणजे आळीपाळीची पद्धत. काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास, असे शेतीच्या विजेचे वेळापत्रक राज्यात वर्षानुवर्षे चालत आले. परदेशी गेलेल्या माणसाचे घड्याळही नव्या वेळेशी जुळायला काही दिवस लागतात. पण तेथील सूर्य त्याला साह्य करतो. रात्री पाणी पाजणाऱ्याचे घड्याळ थोडे सरकू लागते न लागते तोच पाळी बदलते. दीर्घकाळ चालणाऱ्या रात्रपाळीचे वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' असे केले आणि २०१९ मध्ये ते कायम ठेवले. तो निष्कर्ष प्रामुख्याने परिचारिकांसारख्या वर्षानुवर्षे रात्रपाळी करणाऱ्यांच्या अभ्यासावर आधारलेला आहे. तो जसाच्या तसा शेतकऱ्याला लावणे अशास्त्रीय ठरेल. परंतु रात्रीचे काम देहाला फुकट पडत नाही, एवढा बोध त्यातून घ्यायला हरकत नसावी.

आणि घड्याळ केवळ माणसालाच नाही. मण्यार आणि घोणस हे विषारी साप प्रामुख्याने रात्री हिंडतात. कराड, पाटण, शिराळा या तालुक्यांत उसाचा आसरा घेणारा बिबट्याही रात्रीच बाहेर पडतो. ही त्यांची पाळी आहे. दिवसाच्या प्राण्याला त्यांच्या पाळीत कामाला धाडण्याची व्यवस्था आपण केली आहे.

स्वस्त वीज, पण कोणाला?

ही व्यवस्था कोणी दुष्टाव्याने केली असे नाही. औष्णिक वीजकेंद्रे रात्री बंद करून सकाळी पुन्हा पेटवणे सोयीचे नसते. रात्री शहरांची व कारखान्यांची मागणी उतरते. तेव्हा उरणारी वीज खपवायला शेतीपंप सोयीचे होते. गावठाणाच्या आणि शेतीच्या वाहिन्या विलग झाल्यावर हे अधिक सुकर झाले. वीजजाळ्याच्या दृष्टीने हा उत्तम तोडगा होता. अर्थशास्त्रात मात्र ज्याला बाह्य परिव्यय म्हणतात त्याचे हे पाठ्यपुस्तकात शोभावे असे उदाहरण आहे. व्यवहारातील एक पक्ष बचत करतो आणि तिची किंमत कोणत्याही बिलात न उमटता दुसऱ्याच्या अंगावर पडते. ज्या कोयनेच्या पाण्यावर १,९६० मेगावॉट क्षमतेची वीजकेंद्रे चालतात ते धरण सातारा जिल्ह्यात आहे. त्या विजेचा मोठा उपयोग संध्याकाळची वाढती मागणी भागवण्यासाठी होतो. आणि त्याच जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या वाट्याला मात्र मध्यरात्र येते.

सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीचा पंप सर्वांना ठाऊक आहे. कारखान्यात पंप घडवणाऱ्या कामगाराचे तास १९४८ च्या कारखाना अधिनियमाने बांधून दिले; त्या कायद्याची जागा २०२५ मध्ये नव्या श्रमसंहितेने घेतली, तरी कामाच्या तासांवरील मर्यादा आणि जादा कामाचा दुप्पट मोबदला ही तत्त्वे टिकून आहेत. तोच पंप रानात चालवणाऱ्याला मात्र पाळीचा भत्ता नाही, साप्ताहिक सुट्टी नाही, तासांची मर्यादा नाही. तो स्वतःच मालक, म्हणून त्याच्या जागरणाचा हिशेब कोणी मागत नाही. आणि तोही मांडत नाही.

आता तर या व्यवस्थेचा मूळ आर्थिक आधारच डळमळला आहे. सौरवीज वाढल्यामुळे दुपारची वीज मुबलक आणि स्वस्त होऊ लागली. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ग्राहकांविषयीच्या वीज नियमांत दुरुस्ती करून सूर्यप्रकाशाच्या तासांत दर किमान २० टक्के कमी ठेवण्याची तरतूद केली. मात्र त्या वेळनिहाय दरांतून शेतीग्राहक वगळले. महाराष्ट्राने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू करून शेतीला दिवसा वीज देण्याचे उद्दिष्ट ठेवले. २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत विजेची योजनाही आली. यातील सौर वाहिन्यांचे पाऊल निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु मोफत विजेविषयी एक प्रश्न उरतोच. बिल शून्यावर आले म्हणून रात्र शून्य किमतीची होत नाही. माझ्या पाहण्यातले अनेक शेतकरी वीज फुकट मिळण्यापेक्षा दिवसा मिळावी असे म्हणतात, आणि या म्हणण्यात शुद्ध आर्थिक विवेक आहे.

येथे एका मोहापासून दूर राहिले पाहिजे. दिवसा वीज मिळाली की झोप वाढेल आणि झोप वाढली की उत्पन्न वाढेल, असा सोपा सिद्धांत मांडण्याचा मोह अर्थशास्त्राच्या शिक्षकाला होतो. चेन्नईत ४५२ श्रमिकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने या सिद्धांताला लगाम घातला आहे. हे श्रमिक सुमारे आठ तास अंथरुणावर असत, पण त्यांना झोप जेमतेम साडेपाच तास लागे. ती सुमारे २७ मिनिटांनी वाढवूनही त्यांची उत्पादकता वाढली नाही. कामाच्या ठिकाणी दुपारी घेतलेल्या छोट्याशा डुलकीने मात्र ती वाढली. म्हणजे झोपेचे मोल केवळ तासांत मोजता येत नाही. ती केव्हा आणि कशी मिळते यालाही अर्थ आहे. म्हणून दिवसाच्या विजेचा आग्रह उत्पन्नवाढीच्या आश्वासनावर उभा करणे योग्य नव्हे. तो न्यायाच्या पायावर उभा करावा. समाजाची सोय एकाच वर्गाच्या देहातून वसूल होऊ नये, एवढेच त्याचे सार आहे.

आक्षेपही आहेत. रात्री पाजलेल्या पाण्याचे बाष्पीभवन कमी होते, हे खरे. पण त्यावर ठिबकचा उपाय आहे. सर्व वाहिन्या एका रात्रीत दिवसाकडे वळवता येणार नाहीत, हेही खरे. म्हणूनच संक्रमणकाळात काही गोष्टी तरी कराव्यात. ज्या वाहिन्यांवर अद्याप सौरवीज पोहोचलेली नाही तेथे रात्रीचा पुरवठा शक्य तितका संध्याकाळी आणि पहाटेनंतर विभागावा आणि मध्यरात्री बारा ते पाच हे तास वगळण्याचा प्रयत्न व्हावा. जाहीर केलेले वेळापत्रक कसोशीने पाळावे, कारण येणाऱ्या विजेची वाट पाहत काढलेली रात्र ही पाणी न पाजता झालेले जागरण असते. बिबट्यांचा वावर आणि सर्पदंश जेथे अधिक आहेत त्या वाहिन्यांना सौरीकरणात अग्रक्रम मिळावा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाने अथवा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाल्यास कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. त्या प्रत्येक अपघाताची वेळ संकलित करून जिल्हावार प्रसिद्ध व्हावी. रात्रीची किंमत मोजायला आरंभ करण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे.

जे मोजले जात नाही ते धोरणात येत नाही, हे आम्ही वर्गात शिकवतो. तीन शतकांच्या संशोधनाने देहातील घड्याळ मोजून दाखवले. त्या घड्याळाची नोंद आता वीजनियोजनाच्या कागदावर झाली पाहिजे. तोवर साडेसातच्या तासाला मागच्या बाकावर डोके टेकलेला विद्यार्थी दिसला की मी त्याला उठवत नाही. तो आळशी नाही. आपल्या सर्वांच्या स्वस्त विजेतील आपला वाटा त्याने आदल्या रात्रीच भरलेला असतो.