सोलापुरी चादर ऑनलाइन विकायचीय, मग शॉपिंग कार्ट कोणतं घ्यायचं?

सप्टेंबर २०२५ मधली गोष्ट. दसरा-दिवाळीच्या सीझनची तयारी चालू होती. काकांनी दुकानात बोलावून घेतलं. "अरे, २२ तारखेपासून जीएसटी बदलतोय म्हणतात. आपल्या वेबसाइटवर काय करावं लागतं का?"

काकांचं सोलापुरात चादरी आणि टॉवेलचं दुकान आहे. वेबसाइट मीच करून दिलेली. मला वाटलं, एका जागी टक्केवारी बदलायची, पाच मिनिटांचं काम. प्रत्यक्षात दोन रात्री गेल्या. त्या दोन रात्रींत जे कळलं, ते आधी कळलं असतं तर मी कार्ट निवडताना वेगळे प्रश्न विचारले असते. हा लेख त्या प्रश्नांवर आहे.

कार्ट म्हणजे नक्की काय?

गिऱ्हाईक "कार्टमध्ये टाका" दाबतं तिथपासून बिल हातात पडेपर्यंतचा सगळा हिशोब करणारं सॉफ्टवेअर म्हणजे शॉपिंग कार्ट. किंमत, सूट, कर, पोस्टेज, पेमेंट, स्टॉक, सगळं त्यात आलं. दुकानात हे काम गल्ल्यावर बसलेला माणूस करतो. म्हणून रंगीत थीम बघून कार्ट निवडणं म्हणजे शर्ट बघून मुनीम ठेवण्यासारखं आहे.

ढोबळमानाने दोन प्रकार. पहिला भाड्याचा: शॉपिफाय किंवा आपल्याकडचं दुकान, इन्स्टामोजो यांसारख्या सेवा. सर्व्हर त्यांचा, अपडेट त्यांचे, तुम्ही ठरलेले पैसे भरायचे. दुसरा स्वतःचा: वर्डप्रेसवर चालणारं वूकॉमर्स यातलं सगळ्यात ओळखीचं नाव. सॉफ्टवेअर फुकट आणि ओपन सोर्स. पण होस्टिंग, बॅकअप आणि सुरक्षा तुमच्या गळ्यात.

पहिला प्रश्न कार्टचा नाही, सीएचा

काकांनी पहिलं ऑनलाइन दुकान २०२१ मध्ये, लॉकडाऊनच्या काळात, एका मोबाइल ॲपवर उघडलं होतं. तेव्हा ते जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत होते. काही दिवसांत विजयपूरहून ऑर्डर आली. सोलापूरहून शंभरेक किलोमीटर, रोजचं येणं-जाणं. काका खूश. सीएने मात्र हात जोडले.

कारण कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल विकता येत नाही. विजयपूर जवळ असलं तरी ते कर्नाटक. कलबुर्गी, हैदराबादचंही तेच. शिवाय कंपोझिशनवाल्याने गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घ्यायचा नसतो, आणि त्या ॲपच्या तयार बिलावर कराची ओळ आपोआप छापली जात होती. ती ऑर्डर रद्द करावी लागली. पुढे काकांनी नेहमीची जीएसटी नोंदणी घेतली.

सोलापूरकरांसाठी हा मुद्दा मोठा आहे. आपलं निम्मं गिऱ्हाईक सीमेपलीकडचं. नोंदणीच नसेल तर कंपोझिशनइतकाच अडसर आहे: हस्तकलेसारखे काही अपवाद सोडले, तर राज्याबाहेर माल विकायला उलाढाल कितीही छोटी असली तरी नोंदणी लागते. १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यांना मोठ्या ई-कॉमर्स साइटवरून माल विकायची मुभा मिळाली, पण तीही राज्याच्या आतच. त्यामुळे आधी सीएला विचारा, मग कार्ट बघा. आणि कार्टमध्ये दोन गोष्टी तपासा. डिलिव्हरीचा पत्ता महाराष्ट्रातला असेल तर सीजीएसटी-एसजीएसटी आणि बाहेरचा असेल तर आयजीएसटी, हे आपोआप होतं का? गरज पडली तर एखादं राज्य बंद ठेवता येतं का?

दोन रात्री कुठे गेल्या?

आधी चादरीसारख्या तयार कापडी वस्तूंवर नगामागे १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के झाला.

वूकॉमर्समध्ये कराचा गट वस्तूला चिकटवलेला असतो, किमतीला नाही. काकांच्या १२ टक्क्यांच्या गटात सगळा महाग माल होता. त्यातला काही आता ५ टक्क्यांत जाणार, काही १८ टक्क्यांत. म्हणजे एक आकडा बदलून भागणार नव्हतं. एकेक वस्तू उघडून गट बदलावा लागला.

दुसरा घोळ जास्त लबाड. आपल्या किमती करासकट टाकलेल्या होत्या. १,५०० रुपयांची चादर १२ टक्के कर धरून १,६८० ला. कर ५ टक्के झाल्यावर ती १,५७५ ला मिळायला हवी. पण कार्टमध्ये फक्त दर बदलला तर गिऱ्हाइकाला दिसणारी किंमत १,६८० च राहते; सॉफ्टवेअर आतल्या आत मूळ किंमत १,६०० आणि कर ८० धरून मोकळं होतं. कर कमी झाल्याचा फायदा गुपचूप दुकानदाराच्या खिशात! काकांना हे दाखवल्यावर ते एवढंच म्हणाले, "लोकांनी पेपरात वाचलंय. उद्या मला विचारतील. कमी कर."

तिसरं कूपन. कर वगळून २,६०० च्या सेटवर १० टक्के सूट दिली की किंमत २,३४० होते. मग कर १८ नाही, ५ टक्के लागायला हवा: ११७ रुपये. वस्तूला १८ टक्क्यांचा गट चिकटलेला असेल तर कार्ट ४२१ रुपये लावतं. शेवटी यासाठी मला छोटा कोड लिहावा लागला. भाड्याच्या कार्टमध्ये अशी सोय नसेल तर वेगळं ॲप विकत घ्यावं लागतं, नाहीतर तशी कूपनं बंद ठेवावी लागतात. डेमो बघताना विक्रेत्याला हाच हिशोब करून दाखवायला सांगा. चेहऱ्यावरूनच उत्तर कळेल.

"फुकट" आणि "स्वस्त" यांचा हिशोब

महिन्याच्या प्लॅनवर जाऊ नका, शंभर रुपयांच्या विक्रीतले किती कापले जातात ते बघा. यूपीआयवर दुकानदाराकडून घ्यायचा एमडीआर जानेवारी २०२० पासून शून्य आहे, पण पेमेंट गेटवे आपली वेगळी फी लावू शकतो. कार्ड आणि नेटबँकिंगची फी वेगळी. शॉपिफायचं स्वतःचं पेमेंट भारतात नाही, त्यामुळे बाहेरचा गेटवे वापरताना प्लॅनप्रमाणे शॉपिफायचीही व्यवहार फी लागते. महिन्याला १ लाखाची विक्री धरली, तर २ टक्के म्हणजे २,००० रुपये. टॉवेलसारख्या कमी नफ्याच्या मालात हा आकडा टोचतो.

वूकॉमर्सवाल्यांनीही हुरळून जाऊ नये. प्लगइन अपडेट न करणं म्हणजे शटर अर्धं उघडं ठेवून घरी जाणं. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजसारख्या कंपनीच्या पेमेंट पानात घुसवलेल्या कोडने गिऱ्हाइकांच्या कार्डांची माहिती चोरली होती. म्हणून पेमेंट नेहमी गेटवेच्या पानावर होऊ द्या, कार्डाचा नंबर आपल्या सर्व्हरवर येऊच देऊ नका.

कायद्याला न चालणाऱ्या "सोयी"

बऱ्याच थीममध्ये "फक्त २ शिल्लक" असा खोटा काउंटर किंवा आधीच टिक केलेला चौकोन तयार मिळतो. २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक नियमांनुसार आधीच टिक करून ठेवलेली संमती चालत नाही. नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविरोधी मार्गदर्शक तत्त्वांत खोटी घाई आणि कार्टमध्ये गुपचूप वस्तू टाकणं, दोन्ही बसतात. थीम लावली की हे आधी बंद करा.

गिऱ्हाइकांचे पत्ते आणि फोन नंबर हीसुद्धा जबाबदारीच. डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले, मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे. कुणी "माझी माहिती काढून टाका" म्हटलं तर तुमच्या कार्टमध्ये ती काढता येते का, हे आताच बघून ठेवा.

सोडून जाताना काय हातात राहतं?

काकांच्या त्या पहिल्या ॲपने पुढे दर वाढवले. आम्ही बाहेर पडायचं ठरवलं, तर फक्त वस्तूंची यादी मिळाली. गिऱ्हाइकांचे नंबर नाहीत, जुन्या ऑर्डर नाहीत. वेबसाइटचा पत्ताही त्यांच्याच नावाचा, आणि तोच काकांनी हजार पिशव्यांवर छापून घेतलेला. त्या पिशव्या अजून माळ्यावर आहेत.

म्हणून पैसे भरायच्या आधी, ट्रायलमध्येच, पाच खोट्या ऑर्डर टाका आणि वस्तू, गिऱ्हाईक, ऑर्डर असं सगळं एक्सेलमध्ये उतरवून बघा. डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलने घ्या. डेव्हलपरच्या नको, पुतण्याच्याही नको.

मग घ्यायचं कोणतं?

घरात कॉम्प्युटर सांभाळणारं कुणी नसेल आणि वस्तू मोजक्या असतील, तर भाड्याचं कार्ट घ्या, पण स्वतःच्या डोमेनवर. वस्तू शेकड्याने असतील, कराचे गट वेगवेगळे असतील आणि महिन्यातून दोनदा बघणारा विश्वासू माणूस असेल, तर वूकॉमर्स परवडतं. महिन्याला दहा-बाराच ऑर्डर असतील तर खरं सांगू? व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग आणि एक वही पुरते.

काकांकडे आता दर रविवारी ऑर्डरची फाइल पेनड्राइव्हवर उतरते. त्यांनी मला एकच विचारलं, "तू उद्या पुण्याला गेलास तर हे कोण बघणार?" त्यानंतर मी सगळे पासवर्ड आणि पायऱ्या मराठीत लिहून त्यांच्या गल्ल्यात ठेवल्या.