एक्स-रे, सराव पाठ आणि मागचा बाक

माझ्या पुतण्याची मुलगी नाशिकला रेडिओग्राफीचा कोर्स करते आहे. म्हणजे एक्स-रे काढण्याचं शिक्षण. "बटण दाबायला इतकी वर्षं कशाला?" असं विचारणारे आमच्या नातेवाइकांत पुष्कळ आहेत (नावं घेत नाही, तेही हा ब्लॉग वाचतात!). त्यांच्यासाठी हे चार शब्द.

बटण अगदी शेवटी येतं. मनगट मोडलं असेल तर फोटो समोरून आणि बाजूनं असे दोन तरी लागतात, नाहीतर सरकलेलं हाड नजरेतून सुटू शकतं. छातीचा फोटो श्वास भरून, रोखून धरल्यावर काढायचा. श्वास अर्धवट राहिला तर हृदय उगाच मोठं दिसतं. तरुण बाईला दिवस गेलेत का हे आधी विचारायचं, आणि तेही चारचौघांत नाही. हे सगळं पुस्तकात आहेच. पण आमच्या कळवणच्या पश्चिम पट्ट्यातली, खोकल्यानं बेजार झालेली आदिवासी म्हातारी "दीर्घ श्वास घेऊन रोखा" म्हटल्यावर नुसती बघत राहते. तिला आपण स्वतः छाती फुगवून दाखवावी लागते. हे रुग्णालयातच शिकता येतं.

आणि आता तर एक नवी अडचण आहे. फिल्मच्या काळात किरण जास्त झाले की फोटो काळाठिक्कर पडायचा. चूक लगेच डोळ्यांपुढे! डिजिटल यंत्र मात्र असा फोटो स्वतःच सुधारून छान दाखवतं. शिकाऊ पोरगं खूश, डॉक्टर खूश, आणि रोग्याच्या अंगातून गरजेपेक्षा जास्त किरण गेलेले कुणाच्या ध्यानातही येत नाहीत. पडद्यावर एक आकडा येतो, त्यावरून कळतं. पण तो बघण्याची सवय कुणीतरी लावायला हवी ना? काम करणाऱ्याच्या छातीवर किरण मोजणारा बिल्ला असतो. त्याच्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळानं पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० अशी मर्यादा घातली आहे. रोग्याला असा बिल्ला नसतो.

आम्हाला बी.एड.ला सराव पाठ असत. मागच्या बाकावर निरीक्षक वही घेऊन बसायचे. राग यायचा त्यांचा, पण वर्ग त्यांच्यामुळेच घेता येऊ लागला. एक्स-रेच्या खोलीतही असं कुणीतरी मागे हवं. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यानं अशा अभ्यासक्रमांना किमान २००० तास ठरवून दिले, ते चांगलंच झालं. तास मोजता येतात. पण त्या तासांत पोरांना शिकवलं, की रांग उरकायला फुकटचे हात म्हणून वापरलं, ते हजेरीपटावर दिसत नाही.

माझं मत विचाराल तर या मुलांना महिनाभर तरी कळवणसारख्या उपजिल्हा रुग्णालयात पाठवावं. मात्र तिथल्या तंत्रज्ञाला शिकवण्यासाठी वेगळा वेळ आणि वेगळं मानधन द्यावं. रांगेत चाळीस माणसं उभी असताना तो बिचारा कधी शिकवणार? शाळेत आम्हालासुद्धा वर्ग सांभाळून जनगणना करायला लावत, तेव्हा दोन्हींचं काय होई ते मला चांगलं ठाऊक आहे.