आपत्ती निसर्गाची, वाटणी माणसाची



१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला. अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने केलेले हे शासन होय, असे गांधीजींनी त्या वेळी सांगितले. रवींद्रनाथ ठाकुरांनी या विधानाला उघड विरोध केला. आपण मात्र आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. शासन जर अस्पृश्यता पाळणाऱ्यांना करावयाचे होते, तर छप्पर अस्पृश्यांच्याही डोक्यावर का कोसळले? आरोपीबरोबर फिर्यादीलाही शिक्षा देणारे हे कोणते न्यायासन?

हेतू कितीही चांगला असो, कोपाची ही भाषा घातक आहे. संकट हा ईश्वरी कोप ठरला की माणसाची जबाबदारी संपते. कोणाचे घर का पडले, कोणाला किती मिळाले, कोणाला काहीच का मिळाले नाही, हे विचारण्याचे मग कारणच उरत नाही. दुःख आहे आणि दुःखाला कारण आहे, असे भगवान बुद्धांनी सांगितले. ते कारण आपण शोधू या.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. सुमारे ८,००० माणसे मेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. उलट, गवताकुडाच्या हलक्या झोपडीने अनेक गरिबांचे प्राण वाचविले. म्हणजे भूकंपाने कोणाचा सात-बारा पाहिला नाही. सात-बारा पाहिला तो पुनर्वसनाने! नव्याने वसविलेल्या गावांत भूमिहीनाला आणि १ हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फुटांचे घर, १ ते ७ हेक्टरवाल्याला ४०० चौरस फुटांचे, आणि त्याहून मोठ्या जमीनदाराला ७५० चौरस फुटांचे! भूमिहीनाच्या घरात माणसे कमी असतात काय? जुन्या गावाची विषमता ढिगाऱ्यातच गाडून टाकण्याची संधी आली होती. ती विषमता चौरस फुटांत मोजून नव्या गावात पुन्हा बांधण्यात आली.

कोणी म्हणेल, ज्याचे अधिक गेले त्याला अधिक द्यावे, यात अन्याय कोणता? त्याला आमचे उत्तर असे : सरकारी मदत हा विम्याचा दावा नव्हे. ती सर्वांच्या पैशांतून दिली जाते, म्हणून ती गरजेच्या मापानेच दिली पाहिजे. ज्याला पिढ्यान् पिढ्या जमिनीपासून दूर ठेवले, त्याला ‘तुझे फारसे काही गेलेच नाही’ असे सांगणे म्हणजे जुन्या अन्यायाला नव्या अन्यायाचा दाखला करणे होय. २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राने ठरविलेले निकष पाहा. सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घरास १,२०,००० रुपये. झोपडीस ८,००० रुपये. झोपडी म्हणे तात्पुरती! तिच्यात तीन पिढ्या जन्मल्या आणि मेल्या, तरी ती तात्पुरतीच.

दुष्काळाचेही तेच. पीक बुडते मालकाचे, मजुरी बुडते मजुराची. पिकाचा पंचनामा होतो. बुडालेल्या मजुरीचा कोण करतो? १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर राबत होती. त्यांच्या घामातून १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. काम ही कोणाची कृपा नसून मागणाऱ्याचा हक्क आहे, हे त्यामुळे कायद्याने मान्य केले. हक्क असा मिळतो. तो नवसाने मिळत नाही.

तेव्हा कायदा काय सांगतो, ते नीट ध्यानात घ्या. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ याचे कलम ६१ सांगते की, भरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समाज, वंश वा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही. कलम १२ मध्ये निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार यांच्या किमान मानकांबरोबरच उपजीविकेची साधने पुन्हा उभी करण्यासाठी साहाय्याचाही उल्लेख आहे. परंतु कलम आपल्या पायांनी बौद्धवाड्यात चालत येत नाही. त्याला आणावे लागते.

म्हणून संकट येण्यापूर्वीच कागद तयार ठेवा. आपले घर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये नोंदले आहे की नाही, ते पाहा. घरपट्टीची पावती जपून ठेवा. पंचनामा होत असताना घरातील शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने तेथे उभे राहावे. वाचल्याशिवाय कोणी अंगठा वा सही देऊ नये. घराबरोबर भांडी, धान्य, शिलाईयंत्र, शेळ्या आणि बुडालेली मजुरी यांचाही लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. टँकर आपल्या वस्तीत शेवटी येत असेल, तर तारीख-वार लिहून ठेवा. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, लेखी तक्रारीला उत्तर द्यावे लागते.

पूर ओसरला की मरीआईच्या शांतीसाठी वर्गणी मागायला लोक आजही दारात येतील. नम्रपणे, परंतु ठामपणे नाही म्हणा. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या संकटाच्या दिवशी मोडण्यासाठी नव्हेत. ज्याने कोपच केला नाही, त्याची शांती कसली करता? जाब विचारायचा आहे तो वाटणी करणाऱ्याला!

जय भीम.