वाढत्या हाताचा मिट नको

लेकीकडे अमेरिकेत सहा महिने राहून परतलेले एक निवृत्त शिक्षक परवा दवाखान्यात आले. रक्तदाब तपासून झाला, तरी ते उठेनात. मग मनातली सल बाहेर आली. दहा वर्षांच्या नातवाला त्यांनी वाढदिवसानिमित्त बेसबॉलचा मिट घेऊन दिला होता. नातू कॅचर, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा. 'वाढत्या अंगाचे घ्यावे' या आपल्या जुन्या रीतीने आजोबांनी मोठ्या माणसाचा मिट निवडला. मुलाला तो नीट बंदच करता येईना. एकदा चेंडू आदळून अंगठा मागे ताणला गेला आणि तीन आठवडे हात पट्टीत राहिला. "माझ्याच हौसेने झाले हो," असे म्हणताना त्यांचा स्वर कापरा झाला.

परदेशी नातवंडांकडे जाणाऱ्या वाचकांनी म्हणूनच काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

मिट चेंडू फेकण्याच्या हातात नव्हे, दुसऱ्या हातात घालतात. उजव्या हाताने फेकणाऱ्या मुलाला डाव्या हाताचा मिट लागतो. बेसबॉलचे इतर हातमोजे लांबीवर मोजतात, कॅचरचा मिट मात्र घेरावर. त्यामुळे दोहोंच्या आकड्यांची तुलना करू नये. लहान मुलांसाठी साधारण 30 ते 32 इंच, तर प्रौढांसाठी 32.5 ते 34 इंच घेर असतो.

आकड्याहून महत्त्वाची परीक्षा हाताची. मनगटाचा पट्टा आवळल्यावर हात झटकला तरी मिट सरकता कामा नये आणि मुलाला तो स्वतःच्या बळाने बंद करता आला पाहिजे. नवे कातडे ताठर असते. रोज थोडे झेल घेतल्याने ते मऊ होते. त्यासाठी ते भट्टीत किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये.

चेंडू तळहातावर नव्हे, अंगठा व तर्जनीच्या मधल्या खोलगट भागात झेलायला शिकवावे. वारंवारच्या आघाताने बोटांच्या रक्तवाहिन्यांना इजा होऊ शकते. बोट गार, पांढरे वा बधिर पडू लागले, तर खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवावे. सुजलेला अंगठा ओढू किंवा चोळू नये. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी असलेली कूर्चा नाजूक असते. लचक समजून दुर्लक्ष करू नये.

आजी-आजोबांनाही एक विनंती. हा चेंडू सुमारे 145 ग्रॅमचा आणि कठीण असतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा हाडे ठिसूळ झाली असतील, तर नातवाबरोबर मऊ चेंडूनेच खेळावे.

त्या गुरुजींना मी एवढेच सांगितले : पुढच्या खेपेस नातवाला दुकानात सोबत न्या. आणि तो मोठा मिट टाकू नका. काही वर्षांत नातवाचा हात त्याच्या मापाचा होईल. तेव्हा तुमची भेट खऱ्या अर्थाने त्याच्या हाती पडेल.