वजन पत्नीचे, पावती पतीची

पारनेर तालुक्यातील सुपा हे गाव पूर्वी ज्वारी-बाजरीचे आणि डोंगरावरील पवनचक्क्यांचे म्हणून ओळखले जाई. आज ते कारखान्यांचे गाव आहे. नगर-पुणे रस्त्याला लागून औद्योगिक वसाहत वाढली, जपानी उद्योगांसाठी स्वतंत्र क्षेत्र राखले गेले, वातानुकूलन यंत्रे बनविणारा कॅरिअर मिडियासारखा कारखाना आला. महिन्याच्या महिन्याला पगार बँकेत जमा होऊ लागला की त्यामागोमाग बाजारात नवे धंदे येतात. त्यात वावगे काही नाही. अशाच एका धंद्याविषयी आज आम्हास लिहायचे आहे. तो म्हणजे वजन कमी करून देण्याचा धंदा.

सुप्यात नोकरीस असलेल्या आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी ईदची भेट म्हणून शहरातील एका केंद्रात पत्नीच्या नावे अठरा हजार रुपये भरले. तीन महिन्यांत बारा किलो वजन उतरवून देऊ, असे त्यांना सांगण्यात आले होते. पत्नी चार वेळा गेली आणि नंतर तिने जाणे बंद केले. पैसे परत मागता, भरलेली रक्कम परत मिळत नाही असे उत्तर आले. पण गृहस्थांना खरे दुःख अठरा हजारांचे नव्हते. "तुम्ही मला एका शब्दाने विचारलं का?" हा पत्नीचा प्रश्न त्यांना लागला होता. पुढे दोन महिने ती त्यांच्यासोबत एका दस्तरखानावर जेवायला बसली नाही.

आम्ही त्यांना एवढेच विचारले, की करारावर सही कोणाची? ते म्हणाले, माझी. उपाशी राहायचे कोणी? ते गप्प राहिले.

या धंद्याचे मर्म येथेच आहे. पैसे एकाचे आणि अंग दुसऱ्याचे. इतर कोणताही माल घेताना आपण तो हाताळून पाहतो. येथे घेणारा वेगळा, सोसणारा वेगळा. विक्रेत्याला हे चांगले ठाऊक असते. म्हणून तो पतीशी बोलताना पत्नीच्या प्रकृतीची काळजी दाखवितो आणि पत्नीशी बोलताना पतीच्या पसंतीची भीती घालतो. दोघे एकत्र बसून विचार करतील तर सौदा मोडेल, हे त्याला कळते. आमचे सांगणे एका वाक्यात असे, की जिचे वजन उतरवायचे तिच्या मर्जीने आणि तिच्या सहीनेच हा सौदा व्हावा. नाहीतर तो होऊच नये.

बाजारात नेमके काय विकले जाते?

पहिला प्रकार व्यायामशाळेचा. महाराष्ट्रात या धंद्याची परंपरा जुनी आहे. तळवलकरांची पहिली व्यायामशाळा १९३२ सालची. पुढे त्याच नावाची कंपनी झाली, २०१० मध्ये तिचे समभाग बाजारात आले आणि २०१९ मध्ये तिच्याकडून कर्जावरील व्याज थकले. एवढे जुने आणि मोठे नावही अडचणीत येऊ शकते, यातून ग्राहकाने एक धडा घ्यावा. वर्षाचे पैसे एकदम भरू नयेत. महिन्याचे महिन्याला भरावेत, मग ते थोडे महाग पडले तरी चालेल.

दुसरा प्रकार यंत्रे लावून चरबी वितळविणाऱ्या केंद्रांचा. पट्टा बांधून, वाफ देऊन किंवा हादरे देऊन जे वजन तासाभरात उतरते ते घामाचे पाणी असते. दोन पेले पाणी प्यायले की ते परत येते. आहार एकदम तोडल्यावर पहिल्या आठवड्यात काट्यावर जी मोठी घट दिसते, तिच्यातही पाण्याचाच भाग मोठा असतो. जाहिरातीत मात्र याच पहिल्या आठवड्याचा आकडा झळकतो.

तिसरा प्रकार डब्यातील भुकटीचा. तो आता लहान गावांतही पोचला आहे. सकाळी घरगुती क्लबात जमायचे, भुकटीचे पेय घ्यायचे आणि काही दिवसांनी आपणच विक्रेता व्हायचे, अशी त्याची रीत. यात डब्याच्या किमतीतील एक वाटा वरच्या साखळीच्या दलालीत जातो, हे ग्राहकाने ध्यानात ठेवावे. या पद्धतीची सर्वांत प्रसिद्ध कंपनी हर्बालाइफ. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तिच्यावर ठपका ठेवला होता, की विक्रेत्यांना दाखविलेली कमाईची स्वप्ने फसवी आहेत. २०१६ मध्ये कंपनीने २० कोटी डॉलर देऊन आणि धंद्याची पद्धत बदलण्याचे मान्य करून ते प्रकरण मिटविले. भारतातही डिसेंबर २०२१ मध्ये थेट विक्रीचे नियम आले आणि साखळीत माणसे जोडण्याबद्दल पैसे देणाऱ्या योजनांना त्यात मनाई झाली.

चौथा प्रकार नवा आहे. २०२५ साली भारतात माउंजारो आणि वेगोव्ही ही इंजेक्शने आली. ही खरी औषधे आहेत, त्यांनी वजन उतरते, आणि म्हणूनच ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेण्याची वस्तू नव्हे. वेगोव्हीतील औषधाच्या एका मोठ्या चाचणीत असे दिसले, की औषध थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोनतृतीयांश परत आले. म्हणजे हा खर्च एकदाचा नव्हे. महिन्याला हजारो रुपये किती वर्षे भरणार, याचा हिशेब आधी मांडावा लागतो.

आणि या सर्वांची आद्य कंपनी म्हणावी अशी वेट वॉचर्स. १९६३ साली न्यूयॉर्कमधील जीन निडेच या गृहिणीने मैत्रिणी जमवून ती सुरू केली. दर आठवड्याला एकत्र येणे, वजन करणे आणि एकमेकींना धीर देणे, एवढेच तिचे भांडवल होते. तीच कंपनी कर्जाच्या ओझ्याखाली मे २०२५ मध्ये अमेरिकेतील दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. गंमत अशी, की तिच्यातील जो भाग खरा उपयोगी होता, मैत्रिणींनी एकत्र बसण्याचा, त्याला पैसे लागत नाहीत.

व्यापाऱ्याच्या नजरेने पाहा

आमच्या वाचकांत दुकानदार, ठेकेदार, वाहतूकदार पुष्कळ आहेत. एक पोते सिमेंट घेताना जे दहा प्रश्न विचारतात, ते येथे एकही विचारीत नाहीत. म्हणून थोडा हिशेब.

अठरा हजारांत बारा किलो म्हणजे किलोला दीड हजार रुपये दर झाला. पण सहा महिन्यांनी त्यातील आठ किलो परत आले, तर टिकलेल्या चार किलोंचा दर किलोला साडेचार हजार पडला. तेव्हा विक्रेत्याला विचारावे, की तीन महिन्यांनंतरचे सोडा, वर्षानंतर तुमच्या ग्राहकांचे वजन किती असते? त्याची नोंद दाखवा. नोंद नसेल तर दर ठरविण्यास आधारच नाही.

वेगही पाहावा. आठवड्याला अर्धा ते एक किलो, यापेक्षा घाई करू नये, असे डॉक्टर सांगतात. फार घाईने वजन उतरविले तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. पत्नी साखरेच्या गोळ्या घेत असेल आणि आहार एकदम तोडला, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर असले कार्यक्रम सुरूच करू नयेत. कधीकधी वजन वाढण्यामागे थायरॉइडची कमतरता असते. तिची साधी रक्ततपासणी आणि डॉक्टरची फी मिळून केंद्राच्या आगाऊ रकमेपुढे काहीच नाही. म्हणून पहिला पैसा डॉक्टरकडे जावा, केंद्राकडे नव्हे.

वजन खरोखर जास्त आहे का, हेही तपासावे. भारतीय स्त्रीच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर आणि पुरुषाचा ९० च्या वर गेला तर धोका समजावा, असे तज्ज्ञांनी ठरविले आहे. हा मापाचा फीत शिंप्याकडे असतो. आणि पतिराजांनी तो आधी स्वतःच्या कमरेला लावावा. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. पुरुषांचे प्रमाण होते २२.९ टक्के. फरक जवळजवळ नाही. मग केंद्राची पावती पत्नीच्याच नावे का फाटावी?

कायदा तुमच्या बाजूस आहे

पैसे पतीने भरले असले तरी ज्याच्यासाठी सेवा घेतली तोही ग्राहकच, असे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा म्हणतो. अर्थात तक्रार पत्नीलाही करता येते. पूर्वी केंद्र ज्या शहरात असेल तिकडे धाव घ्यावी लागे. आता तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडेही दाद मागता येते, म्हणून सुप्याच्या माणसाला नगरच्या, म्हणजे आता अहिल्यानगरच्या, आयोगापुढे जाता येईल. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीस फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे. बिल न देणे हीदेखील या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते, तेव्हा पावती हट्टाने मागून घ्यावी. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी आहे. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याच्या परिशिष्टात लठ्ठपणाचा समावेश आहे. अमुक औषधाने लठ्ठपणा बरा होतो, अशी जाहिरात करण्यासच त्या कायद्याने मनाई आहे. भिंतीवर तसे लिहिलेले दिसले तर तेथूनच परत फिरावे.

बिनपैशाची वाट

कोणी म्हणेल, तुम्ही सारेच धंदे बुडवायला निघालात. तसे नाही. प्रामाणिक आहारतज्ज्ञ असतात आणि चांगल्या व्यायामशाळाही असतात. बाहेरच्या शिस्तीने काही जणींना खरोखर मदत होते. पत्नी स्वतः म्हणाली, की मला तेथे जायचे आहे, तर पतीने खुशीने पैसे द्यावेत. सप्टेंबर २०२५ पासून व्यायामशाळांवरील वस्तू व सेवा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. बिलात तो जुन्याच दराने लावला नाही ना, तेवढे पाहावे.

पण पैसे न घेता सांगणारेही महाराष्ट्रातच आहेत. डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच जेवा आणि रोज ४५ मिनिटे चाला, असे गावोगाव सांगत फिरले. यामागील मूळ विचाराचे श्रेय ते डॉ. श्रीकांत जिचकार यांना देतात. ऋजुता दिवेकर यांचे मत वेगळे आहे. उपाशी राहू नका, वेळेवर आणि आपल्या मातीतले खा, असे त्या म्हणतात. दोघांचे अनुयायी भांडत असतात. आम्हास यातून एवढेच दिसते, की एकाला लागू पडले ते दुसऱ्याला पडेलच असे नाही, म्हणून निवड जिची तिनेच करावी. भाकरी, डाळ, पालेभाजी यांवर आणि चालण्यावर मात्र दोघांचे भांडण नाही.

आता चालण्याची अडचण. सुप्यासारख्या गावी महामार्गावर मालमोटारी धावतात. पडदा पाळणाऱ्या स्त्रीने एकटीने कोठे चालावे? याचे उत्तर कोणत्याही केंद्राजवळ नाही, ते घरातच आहे. फजरच्या नमाजनंतर पतीने अर्धा-पाऊण तास काढावा आणि दोघांनी वस्तीच्या आतल्या रस्त्याने चालावे. पाळी रात्रीची असेल तर असरनंतर. मेव्हण्याच्या दावतीत पत्नीला बिर्याणी नको म्हणायची आणि स्वतः दुसऱ्यांदा वाढून घ्यायची, हेही बंद व्हावे. पण वेळ देण्यापेक्षा पैसे देणे सोपे वाटते. अठरा हजारांची पावती पुष्कळदा त्या न दिलेल्या वेळेची किंमत असते.

जे तरुण या धंद्यात उतरत आहेत त्यांनाही दोन शब्द. हजरत शुऐब (अ.स.) यांच्या कौमला माप आणि तराजू पुरे भरण्याची ताकीद देण्यात आली होती. वजनच ज्याचा माल आहे त्याने तर ही ताकीद दुप्पट ध्यानी ठेवावी. जेवढे उतरेल तेवढेच सांगा, किंमत आधी सांगा, न घेतलेल्या सेवेचे पैसे परत करा. अशा दुकानाला बरकत येईल.

शेवटी एक प्रसंग हदीसच्या ग्रंथांत येतो, तो सांगून थांबतो. एका प्रवासात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत आयशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली आणि त्या जिंकल्या. पुढे काही काळाने, जेव्हा त्यांचे अंग भरले होते, पुन्हा शर्यत झाली आणि त्या वेळी प्रेषित (स.) जिंकले. तेव्हा त्यांनी हसून मागच्या शर्यतीची फिटंफाट झाली, असे म्हटले. पत्नीचे अंग भरले म्हणून तेथे ना टोमणा होता, ना उपदेश. तेथे सोबत होती आणि हसू होते. मुख्य म्हणजे धावण्यासाठी त्यांनी तिला एकटीला पाठविले नव्हते. ते स्वतः तिच्याबरोबर धावले होते.