एकट्या पिल्लाची राखण

‘कुत्रो एकटो वाढलो तरच राखण बरी करता,’ असं सावंतवाडीच्या आसपास काजूबागा असलेले काहीजण ठामपणे सांगतात. मग जेमतेम महिन्याचं पिल्लू आईपासून तोडून मांगराच्या खांबाला बांधलं जातं. दोन वेळा भात टाकायला माणूस येतो, तेवढीच त्याला सोबत. वर विचारणा असते, ‘पोटाक गावता मां, आणखी काय व्हया?’

या प्रश्नाचं उत्तर हॅरी हार्लो यांनी १९५८ सालीच दिलं. विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यांनी माकडाच्या पिल्लांना दोन खोट्या आया दिल्या, एक तारेची आणि एक कापडाची. दूध तारेच्या आईकडे असतानाही पिल्लं बहुतेक वेळ कापडाच्या आईला बिलगून राहिली.

‘एकटं जनावर फार तर बुजरं होतं, मोठेपणी माणसांत आणलं की सुधारतं,’ हा दुसरा दावा. तोही टिकत नाही. दूध तुटताच एकेकटे वाढवलेल्या उंदरांना ॲम्फेटामिन दिलं, की मेंदूच्या बक्षीस-यंत्रणेत डोपामीन प्रमाणाबाहेर उसळतं. डोपामीन हे निव्वळ सुखाचं रसायन नाही. कशामागे धावायचं, हे ते मेंदूला शिकवतं. टेक्सासमधल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं, की २१व्या दिवसापासून तीन आठवडे एकटे ठेवलेले उंदीर नशेची सांगड जागेशी लवकर घालतात आणि ती सहजी विसरत नाहीत. नंतर सोबत देऊनही हा बदल पुसला गेला नाही.

उंदीर म्हणजे कुत्रा नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. पण कुत्र्यांवरचे प्रयोगही त्याच दिशेला बोट दाखवतात. कोंडून वाढवलेल्या स्कॉटिश टेरिअर पिल्लांनी पेटत्या काडीत पुन्हापुन्हा नाक खुपसल्याचं मेल्झॅक आणि स्कॉट यांनी १९५७ साली नोंदवलं. चौदा आठवडे माणूसच न दिसलेली पिल्लं पुढे माणसाला जवळ येऊ देईनात, हे १९६१ साली सिद्ध झालं.

राखण म्हणजे घरचा कोण आणि परका कोण हे ओळखणं. ती ओळख चारचौघांतच होते. पोस्टमन, वानर, वासरू, सगळ्यांवर सारखंच भुंकणाऱ्या कुत्र्याकडून धन्याला काय कळणार? आणि बिबट्या आला, तर साखळीतल्या कुत्र्याला पळताही येत नाही.

आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला २०१७च्या नियमांनी बंदी आहे. कायम बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणं ही १९६०च्या कायद्याने क्रूरता ठरते. पिल्लू आठ आठवडे आईजवळ राहू द्या. मग पडवीत, मुलामाणसांत वाढवा, धन्यासोबत बागेत फिरवा. सोबत हा लाड नाही, ते पिल्लाचं अन्नच आहे. ते तोडणाऱ्याला इमानी राखणदार मागण्याचा हक्क उरत नाही.